रोजचे वजन पाठवले, पाहिले कोणी?

आजोबांना ऑक्सिजन लावून वॉर्डात हलवले, तेव्हा त्यांच्या सूनबाईंनी मोबाइल माझ्यासमोर धरला. “डॉक्टर, रोज पाठवत होते मी.” ५८.२, ५८.५, ५९.१, ६०, ६०.९. पाच दिवसांची वजने, पाचही माझ्या नंबरवर आणि एकाही संदेशावर निळी खूण नाही. पाठवा, असे मीच सांगितले होते. ओपीडीच्या गर्दीत ते आकडे ‘शुभ सकाळ’च्या ढिगाखाली गेले.

हृदयाची पंपशक्ती कमी पडते, त्याला आपण हार्ट फेल्युअर म्हणतो. त्यात मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी साठते, आडवे झाले की दम लागतो. वजनकाट्याला हे बऱ्याचदा आधी कळते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे, पाणी. त्याच दिवशी डॉक्टरांना कळले, तर लघवीच्या गोळीचा डोस बदलून पुष्कळदा भागते. आजोबांना मात्र आठ दिवस खाटेवर काढावे लागले.

घरून आकडे पाठवण्याचा उपयोग होतो का, हे मोठ्या प्रमाणावर तपासले गेले आहे. अमेरिकेत १,६५३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांनी रोज स्वयंचलित फोनवर वजन आणि लक्षणे सांगायची होती. सहा महिन्यांनंतर पुन्हा भरती होणे किंवा मृत्यू, कशातच फरक नव्हता. अनेकांनी तर फोन करणेच हळूहळू सोडले होते. २०१८ मध्ये जर्मनीतील १,५७१ रुग्णांचा अभ्यास आला. तिथे वजन, रक्तदाब, ईसीजी आणि ऑक्सिजनची माहिती एका केंद्रात जाई आणि तिथे डॉक्टर व परिचारिका चोवीस तास हजर असत. रुग्णालयातले अचानक भरतीचे दिवस घटले, मृत्यूही कमी झाले. माझ्या मते फरक यंत्रापेक्षा पलीकडे बसलेल्या माणसांचा होता.

करोनाकाळात घरोघरी ऑक्सिमीटर आले, ते आता कपाटात आहेत. त्यांची जागा मनगटी घड्याळांनी घेतली. घ्या, हरकत नाही. पण घेण्याआधी विचारा: हे आकडे कोण बघणार, किती वाजता, आणि रविवारी रात्री फोन कोण उचलणार? उत्तर मिळाले नाही, तर साधा वजनकाटा आणि वहीच बरी. सकाळी लघवीनंतर, न्याहारीआधी, रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करा. रक्तदाब घेताना आधी पाच मिनिटे शांत बसा, हात हृदयाच्या उंचीवर टेकवा आणि बोलू नका. धाप किंवा छातीत दुखणे सुरू झाले, तर मात्र आकडे पाठवत बसू नका. थेट १०८ ला फोन करा.

आमच्याकडे आता हे संदेश माझ्या खासगी नंबरवर येत नाहीत. वॉर्डातल्या सिस्टर अकरा वाजेपर्यंत सगळी वजने रजिस्टरमध्ये उतरवतात आणि ज्यांचे आले नाही त्यांना फोन करतात. परवा आजोबांचा आकडा आला नाही. सिस्टरांनी लगेच फोन लावला, तर काट्याचा सेल संपला होता.