‘पूर्वीचे मोठे आजार’ : प्रवेश-अर्जातील एका रकान्याविषयी

निवासी शाळेच्या प्रवेश-अर्जात ‘विद्यार्थ्याचे पूर्वीचे मोठे आजार’ असा एक रकाना असतो. बहुतेक पालक त्यात ‘निरंक’ असे लिहितात आणि बहुतेकांचे ते खरेही असते. परंतु एखाद्या पालकाचा हात तेथे थांबतो. मुलाला चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग झालेला असतो, मुंबईच्या खेपा घालून दोन-अडीच वर्षे औषधे पुरी केलेली असतात, डॉक्टरांनी ‘आता बरा आहे’ असे सांगितलेले असते. तरीही मनात येते, हे येथे लिहिले तर प्रवेश मिळेल काय? मिळाला, तर इतर मुले त्याच्या शेजारी जेवायला बसतील काय? मुलगी असेल, तर पुढे तिच्या लग्नाचे काय? आणि मग तेथेही ‘निरंक’ लिहिले जाते.

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा असे आम्हांस सुचविण्यात आले, तेव्हा या एका शब्दाविषयीच लिहावे असे आम्ही ठरविले. कर्करोगातून बरे झालेल्या मुलाचे पुढील आयुष्य किती सुरक्षित राहील, हे पुष्कळ अंशी तो आजार लपविला जातो की सांगितला जातो यावर अवलंबून असते.

प्रथम काही मूलभूत गोष्टी. मुलांचा कर्करोग आणि मोठ्यांचा कर्करोग यांत अंतर आहे. तंबाखू, दारू, कामाच्या ठिकाणची रसायने ही कारणे मुलांच्या बाबतीत सहसा लागू पडत नाहीत. आई-वडिलांनी काही केले किंवा करावयाचे राहिले म्हणून तो होत नाही. तो संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका खोलीत झोपल्याने, हात धरल्याने तो कोणास होत नाही. डोळ्यातील रेटिनोब्लास्टोमासारखे काही प्रकार सोडले, तर बहुतांशी तो आनुवंशिकही नसतो. मुलांमध्ये सर्वाधिक आढळतो तो रक्ताचा कर्करोग, आणि त्यातही ज्याला पालक ‘ए.एल.एल.’ म्हणून ओळखतात तो अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. दीर्घकाळ न उतरणारा ताप, फिकेपणा, हिरड्यांतून रक्त, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, हाडांचे दुखणे, वाढत जाणारी गाठ, सकाळी उठताच डोकेदुखी व उलटी, डोळ्याच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक, यांपैकी काही दिसल्यास आठवड्याच्या बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

आणि हा आजार बरा होतो. ही गोष्ट आमच्या समाजात अद्याप पुरेशी पोहोचलेली नाही, कारण कर्करोग म्हणजे मरण ही समजूत ज्या काळी बनली त्या काळी ती खरी होती. १९४७-४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना अमिनॉप्टेरिन हे औषध दिले. त्यांपैकी १० मुलांत काही काळापुरता उतार दिसला. औषधाने हा आजार मागे हटू शकतो याचा तो पहिला पुरावा. ते औषध लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले ते डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. १९४८ मध्येच ते निवर्तले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही मुलांना दिले जाते. दुसरे औषध तर आपल्या अंगणातले आहे. सदाफुलीच्या झाडाचा मधुमेहावर काही उपयोग होतो काय, हे १९५० च्या दशकात परदेशी शास्त्रज्ञ तपासत होते. मधुमेहाचे राहिले बाजूला. रक्तातील पांढऱ्या पेशी मात्र कमी झालेल्या आढळल्या, आणि त्यातून व्हिन्क्रिस्टीन व व्हिन्ब्लास्टीन ही औषधे निघाली. (येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. सदाफुलीची पाने-फुले चघळून कर्करोग बरा होत नाही. औषध झाडातून अतिशय अल्प प्रमाणात, शुद्ध करून, मोजून आणि केवळ शिरेतून दिले जाते. ‘त्याच झाडाचे तर आहे’ असे सांगून रुग्णालय सोडावयास लावणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात.)

औषधे उपलब्ध झाली, तरी आपल्याकडील मुले लगेच वाचू लागली नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ पासून ‘एम.सी.पी. ८४१’ ही ठरीव उपचारपद्धती वापरण्यास आरंभ केला. भारतातील तीन मोठ्या केंद्रांत तिचा अवलंब झाला. त्यापूर्वी १०० पैकी २० मुलेही चार वर्षे आजारमुक्त राहत नसत; या पद्धतीने आणि उपचाराच्या जोडीला द्यावयाच्या काळजीतील सुधारणेने ते प्रमाण ४५ ते ६० वर गेले. स्वतः डॉ. अडवाणी बालपणी पोलिओ झाल्यामुळे चाकाच्या खुर्चीवरून रुग्ण तपासत असत. आज संपन्न देशांत कर्करोग झालेल्या १०० पैकी ८० हून अधिक मुले बरी होतात, आणि २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुले वाचावीत असे उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठेवले आहे.

टाटा हे नाव आमच्या मुळशी तालुक्यात आले ते धरणाबरोबर. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, आणि ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या त्यांच्या घरी ते नाव आजही सहजपणे घेतले जात नाही. त्याच खोऱ्यात आज कोणी ‘पोराला टाटाला नेलंय’ असे म्हणाले, की ऐकणारा गप्प होतो. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे उघडलेले आणि १९६२ पासून केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे असलेले हे रुग्णालय गेल्या तीन पिढ्यांत आपल्या बोलीत आजाराचेच नाव होऊन बसले आहे.

पौडहून बसने पुणे, पुण्याहून रेल्वेने दादर. हा प्रवास एकदा करावयाचा नसतो. ए.एल.एल.चा उपचार साधारणतः दोन ते तीन वर्षे चालतो. पहिले काही महिने रुग्णालयाच्या जवळ राहावे लागते आणि येथेच अनेक कुटुंबे खचतात. वडिलांची मजुरी बुडते, घरी राहिलेली भावंडे आजीकडे जातात, ताप गेला, मूल खेळू लागले, की ‘आता बरे झाले’ असे वाटून उपचार थांबविले जातात. पेशी मात्र उरलेल्या असतात. अर्धवट सोडलेल्या उपचाराने आजार परततो तो अधिक हट्टी होऊन. म्हणून सोय असतानाच ती माहीत असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधोपचार व किरणोपचार बसतात. रेल्वे आणि एस.टी. यांच्या भाड्यात रुग्णाला सवलत आहे. राहण्यासाठी, २००६ पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था उपचार घेणाऱ्या मुलांना आई-वडिलांसह विनामूल्य खोली देते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आपल्या लोकांस दादर परके नाही. आणि १९४९ साली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, त्या बाबांच्या नावाच्या छपराखाली राहण्यास कोणी संकोच करू नये. रुग्णालयातील समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी जावे. पैसे संपल्यावर जाणारेच अधिक, असे दिसते.

पहिले कठीण महिने संपले, की उपचाराचा लांब आणि सौम्य टप्पा सुरू होतो. या टप्प्यात बहुतेक मुले शाळेत येऊ शकतात, निवासी शाळेतही डॉक्टरांच्या संमतीने येऊ शकतात. मात्र वसतिगृह अधीक्षकांस दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्याच पाहिजेत. ६-एम.पी. ही गोळी साधारणपणे रोजची असते, मेथोट्रेक्सेटची गोळी मात्र आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली गेल्यास जिवावर बेतते. म्हणून दोन्ही गोळ्या वेगळ्या डब्यांत, वार लिहून ठेवाव्यात. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. रात्री दोन वाजता असला तरी गाडी काढावी. वर्गात कोणाला कांजिण्या किंवा गोवर आला, तर त्याच दिवशी पालकांस व डॉक्टरांस कळवावे, कारण प्रतिबंधक उपाय पहिल्या काही दिवसांतच करावयाचा असतो. बाकी पाणी उकळलेले, अन्न ताजे, हात धुतलेले; हे सर्वांसाठीच आहे.

‘निरंक’ लिहिलेल्या अर्जाचा धोका येथे लक्षात यावा. अधीक्षकांस ठाऊकच नसेल, तर रात्री दोन वाजता गाडी कोण काढील?

लपविण्यामागे भीती असते, तशी शरमही असते. ‘मागल्या जन्मीचे काही असेल’ असे शेजारी बोलतात, आणि दीक्षेनंतर इतक्या वर्षांनीही आमच्या काही घरांतून ते बोलले जाते. संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना विचारले आहे की, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत बरोबर आहे काय. पित्त, कफ, वायू, ऋतुबदल, आघात अशी अनेक कारणे दाखवून तथागतांनी ते मत चुकीचे ठरविले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून बाजूला सारला आहे. चार वर्षांच्या मुलाच्या अस्थिमज्जेत एखादी पेशी बिघडते, तेव्हा तेथे शिक्षा शोधणे हे धम्माला धरून नाही.

विनयपिटकातील महावग्गात दुसरी एक हकीकत आहे. अतिसाराने आजारी भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता. इतरांना त्याचा उपयोग नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. तथागतांनी आनंदासह त्याला स्वतः धुतले, उचलून मंचकावर ठेवले, आणि नंतर चांगला रुग्ण कोण व चांगला शुश्रूषक कोण हे सांगितले. रुग्णाच्या गुणांत औषध घेणे आहे, तसेच आपला आजार वाढतो आहे की उतरतो आहे हे शुश्रूषकास जसेच्या तसे सांगणे आहे. शुश्रूषकाच्या गुणांत किळस न करणे आहे. रकान्याचा प्रश्न हा एवढाच आहे. रुग्णाने सांगावे, आणि ऐकणाऱ्याने तोंड फिरवू नये. दुसरे घडत नाही म्हणून पहिले घडत नाही, हे शाळेने स्वतःशी मान्य करावयास हवे.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी, कारण ज्यांनी १५-२० वर्षांपूर्वी बालपणी उपचार घेतले असे काही जण हे पान वाचत असतील. उपचार संपले म्हणजे आजार संपतो. उपचारांच्या खुणा मात्र काही जणांत पुष्कळ वर्षांनी दिसतात. लाल रंगाचे ते औषध पालकांच्या चांगले स्मरणात असते. त्या गटातील औषधांचा परिणाम हृदयाच्या स्नायूंवर उशिरा दिसू शकतो, आणि बाळंतपणासारख्या ताणाच्या वेळी तो प्रथम जाणवू शकतो. डोक्याला किरणोपचार झाले असतील, तर उंची, संप्रेरके, शिकण्याचा वेग यांवर परिणाम संभवतो. असे मूल आळशी नसते, त्याला पेपरात थोडा अधिक वेळ लागतो. सिस्प्लॅटिनने बारीक आवाज ऐकू येईनासे होतात; त्याला पुढच्या बाकावर बसवावे. हे सर्वांना होत नाही. बहुसंख्य जण नोकरी करतात, लग्न करतात, अनेकांना निरोगी मुले होतात. परंतु ज्यांना होऊ शकते, त्यांना वेळेवर तपासणी हवी, आणि त्यासाठी कोणते औषध एकूण किती दिले गेले हे कागदावर हवे.

तो कागदच हरवलेला असतो. घर बदलताना फाईल टाकून दिली जाते. कधी ‘पुन्हा तिचे तोंड नको’ म्हणून जाळली जाते. आम्ही त्या भावनेचा आदर करतो, पण फाईल जाळू नये. आजाराचे नाव, निदानाची तारीख, औषधे व त्यांच्या एकूण मात्रा, किरणोपचाराची जागा व मात्रा, शस्त्रक्रिया, दिलेले रक्त, उपचाराचा शेवटचा दिवस. एवढे एका पानावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. टाटा स्मारक रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी ‘आफ्टर कम्प्लिशन ऑफ थेरपी’ हा स्वतंत्र तपासणी विभाग १९९१ पासून चालतो. वीस वर्षांचे झालो, आता लहान मुलांच्या विभागात काय जावयाचे, असे वाटून जाणे थांबविणारे असतात. त्यांनी जावे.

आणि मुलाला त्याचा आजार सांगावा. कित्येकांना मोठेपणी एखाद्या नातेवाइकाच्या तोंडून कळते की लहानपणी ‘ताप’ म्हणून जे होते ते काय होते. आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुरेल एवढे सोप्या शब्दांत सांगता येते, पंधराव्या वर्षी नाव आणि औषधे सांगता येतात, अठराव्या वर्षी फाईल त्याच्या हाती द्यावी. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आधाराने २००९ साली ‘उगम’ हा गट उभा राहिला. बालपणी कर्करोगातून बरे झालेली तरुण मंडळीच तो चालवितात आणि उपचार घेणाऱ्या मुलांना, त्यांच्या आई-वडिलांना भेटतात. मोठे होऊन समोर उभ्या राहिलेल्या माणसाला पाहिल्याने आईला जे कळते, ते आमच्या लेखाने कळणार नाही.

सर्वच मुले परत येत नाहीत. ज्या घरी मूल राहिले नाही, तेथे सांत्वनास जाणारे पुष्कळदा किसा गोतमीची कथा सांगतात. कथा खरी आहे, पण तथागतांनी तिला आल्याबरोबर उपदेश केला नाही. मोहरीसाठी घरोघर जाऊ दिले, दिवसभर चालू दिले. त्या आईला तेवढा वेळ द्यावा, आणि बाळाचे नाव तिच्यासमोर घेण्यास भिऊ नये.

येत्या जूनपासून आमच्या प्रवेश-अर्जातील तो रकाना बदलत आहे. त्याखाली एक ओळ असेल : ‘येथे लिहिलेल्या आजारामुळे प्रवेश नाकारला जाणार नाही, ही माहिती केवळ मुख्याध्यापक व वसतिगृह अधीक्षक पाहतील.’ त्यापुढे तीन जागा आहेत : उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दूरध्वनी, चालू औषधे व त्यांचे वार, आणि रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयात न्यावे. आधीच दाखल असलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांनाही कार्यालयातून हा कागद नव्याने भरून देता येईल.