सर्कशीची मोहिनी

गांवाबाहेरच्या मैदानावर सर्कशीचा तंबू उभा राहिला कीं शाळेच्या हजेरीपटावर त्याचा परिणाम लागलीच दिसूं लागतो, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे. ज्यांस व्याकरणाचा नियम चार वेळां सांगूनहि स्मरत नाहीं, तीं मुलें झुल्यावरील कसरतींचें वर्णन एका दमांत करितात. या मोहिनीचें मूळ कशांत आहे, याचा येथें थोडा विचार करूं.

पहिलें उत्तर सुचतें तें हिंस्र जनावरांचें. परंतु आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलुखांत वाघ हा नवलाचा विषय नव्हे. मोहफुलें वेंचावयास किंवा तेंदूपानें तोडावयास रानांत जाणारांस त्याचें भय रोजचेंच आहे. रानांत ज्याच्यापुढें माणसाची बोबडी वळते, तोच माणसाच्या खुणेसरशी तिवईवर बसतो, हें कौतुक खरोखर मोठें होतें. पुण्यास १९०२ सालीं जन्मलेले दामू धोत्रे यांनीं तर या विद्येंत अमेरिकेंतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीपर्यंत मजल मारिली. पुढें सरकारनें वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या खेळांस बंदी केली व सर्वोच्च न्यायालयानें ती २००१ सालीं कायम केली. मुक्या प्राण्यांचे हाल थांबले, हें योग्यच झालें. तरीहि मुलांची तंबूकडील धांव कांहीं थांबली नाहीं. तेव्हां मोहिनीचें मूळ आणखी कोठें तरी असलें पाहिजे.

तें शोधण्यास आपल्याच महाराष्ट्रांतील विष्णुपंत छत्रे यांचें चरित्र उपयोगी पडेल. सांगलीकडील अंकलखोप हें यांचें गांव. अश्वविद्येंत ते निष्णात होते. कियारिनी नांवाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस मुंबईस आली असतां, असे खेळ आपल्या लोकांसहि करितां येतील, असा त्यांनीं निश्चय केला व १८८० सालीं मुंबईस ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. केरळांतील तलश्शेरीचे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकन्नन यांचा त्यांच्याशीं संबंध आला व पुढें १९०१ सालीं कुन्हिकन्नन यांनीं चिरक्करा येथें सर्कशीची शाळाच काढिली. तेथून कसरतपटूंच्या पिढ्या निर्माण झाल्या. म्हणजे सर्कशीच्या मुळाशीं एक शाळा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

त्या शाळेंत काय शिकवितात? रिंगणाचा व्यास सामान्यतः ४२ फूट असतो. घोडा वर्तुळांत धांवूं लागला म्हणजे स्वार आंतल्या बाजूस झुकतो. बाहेर फेंकला जाण्याचा झोंक आणि आंत झुकलेल्या शरीराचा भार यांचा मेळ बसला कीं तो धांवत्या पाठीवर उभा राहूं शकतो. झुल्याचेंहि तसेंच. झोंक्याच्या अगदीं टोंकास, जेथें झुला क्षणभर थबकल्यासारखा होतो, तेथेंच हात सोडावा लागतो. पलीकडे गुडघ्यांवर उलटा लोंबकळणारा सोबती त्याचीं मनगटें धरितो आणि हा त्याचीं धरितो. अशी पकड तळहातांच्या पकडीहून घट्ट बसते. विशेष हें कीं, उडी शिकण्याआधीं जाळींत पाठीवर नीट पडावयास शिकावें लागतें! वर श्वास रोधून आपण जें पाहतों, तो एका माणसानें दुसऱ्यावर टाकिलेला पूर्ण विश्वास होय. आणि वर्षानुवर्षांच्या तालमीवांचून असा विश्वास येत नाहीं.

मुलांस मात्र त्या जीवनांतील स्वैरपणा तेवढा दिसतो: आज एक गांव, उद्यां दुसरें, ना पाटी ना परीक्षा. आपल्याकडे धानाची कापणी उरकली कीं देसाईगंज-वडसा येथील झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्या गांवोगांव रात्रभर खेळ करितात. त्या पाहणारांस फिरत्या कलावंतांचे कष्ट सांगावयास नकोत. जागरण, प्रवास, आणि पुन्हां नेमल्या वेळीं रंगभूमीवर उभें राहणें! सर्कशींत याहून कडक शिस्त लागते, कारण तेथें एका क्षणाची चूक हाडांवर बेतते. कोंवळ्या मुलांस या कामीं राबविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं मनाई करविली, ती याच करितां.

तेव्हां विद्यार्थिमित्रहो, सर्कस अवश्य पाहा. परंतु पळून जाण्याचा विचार मनांत आलाच, तर झुल्यावरचा तो मनुष्य प्रथम किती वेळां जाळींत पडला असेल, याचाहि विचार करा. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, झाडाच्या फांदीस लोंबणाऱ्या मुलास केवळ उनाड म्हणूं नये. त्यास मल्लखांब, कवाईत, कबड्डी यांची वाट दाखवावी, आणि शाळाहि सुटूं देऊं नये. धन्यानें दिलेलें धन जमिनींत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. चपळ शरीर हेंहि असेंच एक धन आहे. तें पुरून ठेवूं नये, तसेंच उधळूंहि नये.