जुने डिझेल वाहन सुरू होत नाही? पंप खोलण्यापूर्वी ही तपासणी करा

डिसेंबरात छत्तीसगडमध्ये धानखरेदी भरात असते. टोकनवरील दिवस ठरलेला असतो आणि भिलाईच्या सेक्टर 2 मधून शेताकडे निघताना जुने पिकअप वाहन पहाटेच्या गारठ्यात सुरूच होत नाही. अशा वेळी ‘पंप गेला’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात दोष बहुधा पंपाच्या अलीकडे, बॅटरी, फिल्टर किंवा नळीत असतो. पुढील माहिती यांत्रिक इंधनपंप असलेल्या वाहनांसाठी आहे. कॉमन रेल प्रणालीचे नट शेतकऱ्याने सैल करू नयेत.

प्रथम सेल्फ मारून इंजिनचा वेग पाहावा. इंजिन जड फिरत असल्यास बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट करावीत. पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये.

इंजिन वेगाने फिरत असेल, तर धूर पाहावा. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोहोचते, पण जळत नाही. हीटर प्लग, नोझल, टायमिंग व कॉम्प्रेशन तपासावे. धूर मुळीच नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. टाकीतील डिझेल, इंजिन बंद करणारी केबल किंवा सोलेनॉइड आणि फिल्टर या क्रमाने पाहावे. फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी काढून टाकावे.

वाहन दिवसा नीट चालते, पण रात्रभर उभे राहिल्यावर सुरू होत नाही, हे नळीत हवा शिरल्याचे ठळक लक्षण आहे. टाकी ते फीड पंप या भागात ओढ असते. त्यामुळे भेगाळलेल्या नळीतून किंवा झिजलेल्या वॉशरमधून डिझेल गळेलच असे नाही. हवा मात्र आत जाते आणि डिझेल टाकीकडे परतते. नळीत पारदर्शक तुकडा बसविल्यास बुडबुडे दिसतात.

दोष दूर करून हवा काढावी. फिल्टरवरील ब्लीड स्क्रू सैल करून हॅण्ड प्रायमर चालवावा. बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा. मग पंपावरील स्क्रूबाबत हेच करावे.

नोझलच्या फवाऱ्यासमोर हात कधीही धरू नये. उच्च दाबाचे डिझेल त्वचेत शिरते. असे झाल्यास, जखम लहान दिसली तरी, तातडीने रुग्णालय गाठावे. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारू नये.

एवढे करूनही इंजिन सुरू झाले नाही, तरच पंप व नोझल चाचणी-यंत्र असलेल्या कार्यशाळेत न्यावेत. पंपाच्या आतील भागांतील फट काही मायक्रॉनचीच असते. शेतावर तो उघडल्यास धुळीचा एक कणही नवा बिघाड निर्माण करतो. विस्तार कार्यकर्त्यांनी हा क्रम हंगामापूर्वीच प्रात्यक्षिकाने दाखवावा.