पेलेट चूल धूर सोडतेय? मोऱ्याच्या खानावळीतला हवेचा धडा, आणि त्यातला छोटा धंदा



मागच्या व्हिडिओत आपण खानावळीच्या इंधनखर्चाचा हिशोब मांडला होता. त्यात पेलेट चुलीचा विषय निघाला आणि बऱ्याच जणांचा एकच सूर होता: "सर, घेतली होती, पण धूर फार करते, म्हणून कोपऱ्यात टाकली." आजचा लेख त्या कोपऱ्यातल्या चुलीसाठी.

गोष्ट आहे उरण तालुक्यातल्या मोरा बंदराजवळची. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटते ती इथे लागते. खारी हवा, पावसाळ्यात भिंतींनाही पाझर फुटेल अशी ओल. तिथे एक ताई आणि त्यांचा मुलगा मिळून खानावळ चालवतात. गंमत बघा, याच तालुक्यात एलपीजीचे मोठे प्रकल्प आहेत, सिलिंडर भरले जातात. पण खानावळीच्या गल्ल्याला शेवटी सिलिंडरचा भावच दिसतो. म्हणून ताईंनी हिवाळ्यात ब्लोअरवाली पेलेट चूल घेतली. चार महिने खूश होत्या. जुलैत मला फोन आला: "सर, ही चूल मी भंगारात घालते बघा. गिऱ्हाईक खोकत खोकत उठून जातंय."

चूल दुरुस्त करणाऱ्या एकाने त्यांना नवीन ब्लोअर टाकायला सांगितलं होतं. पैसे भरायच्या आधी एकदा बघू, म्हणून मी गेलो. सोबत आपल्या बॅचमधला एक वायरमनचं काम करणारा मुलगा होता.

माझी पहिली चूक

धूर दिसला म्हणजे हवा कमी पडतेय, असं समजून मी रेग्युलेटर पूर्ण फिरवला. झालं काय? धूर वाढला आणि राख उडून थेट भाताच्या पातेल्यात! ताई काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पंखा वाढवणं हा इलाज नव्हता. हवा कुठून जातेय हे आधी बघायला हवं होतं.

चुलीला दोन ठिकाणी हवा लागते

हे एकदा समजलं की निम्मी दुरुस्ती आली म्हणा.

पेलेट म्हणजे भुसा, चिपाड, शेंगांची टरफलं असा माल दाबून केलेली बोटाएवढी कांडी. ती तापली की तिच्यातून आधी वायू निघतो, आणि आपल्याला जी ज्वाळा दिसते ती या वायूची असते. खालच्या जाळीतून येणारी हवा निखारा फुलवते आणि वायू तयार करते. वरच्या कडेला जी गोल रांगेत भोकं असतात, त्यातून येणारी हवा तो वायू जाळते. वरची हवा अडली तर वायू न जळता बाहेर पडतो. तोच तुमचा धूर.

ताईंच्या चुलीची वरची भोकं काजळी आणि चिकट डांबरासारख्या थराने अर्धी बुजली होती. मी पंखा वाढवला तेव्हा हवा वर जायला वाटच नव्हती. ती सगळी खालून घुसली, वायू आणखी निघाला, जळायला हवा नाही, म्हणून धूर आणखी. सोबत राख उडाली ती वेगळीच.

लक्षण बघा, मग हात लावा

डॉक्टर आधी नाडी बघतो, तसं आपण ज्वाळा बघायची.

- ज्वाळा पिवळी, लांब, भांड्याला काजळी धरते: वरची भोकं बुजलीत, किंवा कांड्या भोकांच्या वरपर्यंत भरल्यात.
- कांड्या नुसत्या लाल, ज्वाळा मरगळलेली: खालची जाळी राखेने किंवा खड्याने अडलीय.
- ज्वाळा भांडं सोडून उडते, राख उडते: हवा जास्त झाली, किंवा जाळीचा एकच कोपरा मोकळा आहे आणि तिथूनच झोत येतोय.
- पेटवताना दाट पांढरा धूर, बराच वेळ: माल ओला आहे.
- हवा आपोआप कमी-जास्त होते, ब्लोअर गुरगुरतो: व्होल्टेज, बेअरिंग किंवा कॅपॅसिटर तपासा. पंख्यावरचा मळही हेच करतो.

मोऱ्याला आम्हाला यातली चार कारणं एकाच चुलीत सापडली. नवीन ब्लोअर टाकला असता तर पैसे गेले असते आणि धूर तसाच राहिला असता.

साफसफाईचा क्रम

1. चूल पूर्ण थंड होऊ द्या. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही.

2. राख काढा. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. प्लास्टिकची बादली किंवा गोणी नको.

3. जाळी बाहेर काढून खडे फोडा. शेतमालाच्या राखेत पोटॅश आणि वाळूचा अंश असतो, तो जास्त उष्णतेत वितळून काचेसारखा खडा होतो. ताईंच्या जाळीवर तळहाताएवढा एक निघाला. छोटी छिन्नी आणि तारेचा ब्रश पुरतो. गरम जाळीवर पाणी मारू नका, बिडाचा भाग तडकतो.

4. वरचं प्रत्येक भोक तारेने मोकळं करा. भोक मोठं करायचं नाही, फक्त साफ करायचं. मापाचं गणित बिघडलं की ज्वाळा बिघडते.

5. हवेचा मार्ग उघडा. भोकांमधून पडलेली राख नळीत बसते. ती काढली नाही तर पुन्हा तेच.

6. ब्लोअरचं झाकण खोला. पंख्याच्या पात्यांवर पीठ, तेलाची वाफ आणि धूळ यांचा थर बसतो. पात्याचा आकार बदलला की हवा घटते. सुक्या ब्रशने साफ करा, मोटारीवर पाणी नाही. ताईंचा ब्लोअर फोडणीच्या कढईला खेटून होता, आम्ही तो पलीकडच्या बाजूला फिरवला.

7. पेटवायच्या आधी थंड चाचणी घ्या. ब्लोअर सुरू करून पेटती उदबत्ती भोकांजवळून गोल फिरवा. जिथे धुराची रेघ हलत नाही, तिथलं भोक अजून बंद आहे. नळीच्या सांध्यांजवळही फिरवा, गळती लगेच कळते.

दीड तास गेला. खर्च म्हणाल तर दोन ब्रश आणि थोडी तार. संध्याकाळी त्याच चुलीवर आमटी झाली आणि पातेल्याचं बूड काळं झालं नाही.

मालाची परीक्षा

चूल साफ झाली तरी पोतं जमिनीवर उघडं होतं. खालच्या कांड्या फुगून भुगा झाल्या होत्या. असा भुगा जाळीत बसतो आणि हवा पुन्हा अडते. चांगली कांडी हाताने मोडली की कटकन तुटते, आणि पाण्यात टाकली तर बुडते. तरंगली तर नीट दाबलेली नाही.

पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा. रोजच्या वापरापुरता माल झाकणाच्या पिंपात काढा. माल कशाचा आहे हेही विचारा. भाताच्या तुसात राख फार, किलोमागे दीडशे-दोनशे ग्रॅमपर्यंत. स्वस्त पडला तरी चूल जास्त वेळा साफ करावी लागते, ती मजुरी हिशोबात धरा.

इथे थट्टा नको

हवा अडलेली चूल कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही त्याची खूण, आणि बंद खोलीत तो जीव घेतो. पावसात झड येते म्हणून खिडक्या लावून चूल चालवू नका. विझत आलेली चूल रात्री झोपायच्या खोलीत नेऊ नका, कारण धुमसत असतानाच हा वायू जास्त निघतो. ताईंचा मुलगा सकाळी डोकं दुखतं म्हणायचा. तो चुलीजवळच झोपायचा. त्या दिवशी पहिली त्याची खाट हलवली.

परदेशातली शेगडी, तोच नियम

थंड देशांत राहणारी आपली मंडळी घर तापवायला पेलेट शेगडी वापरतात. तिथे काचेचं दार, धुराची नळी आणि धूर बाहेर ओढणारा पंखा असतो. काच भराभर काळी होत असेल तर शोध तोच घ्यायचा: जळणपात्राची भोकं, धूर ओढणारा पंखा, नळीतली राख, दाराची सील. सीलसाठी सोपी चाचणी आहे. शेगडी थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर सील सैल झालीय.

आता धंद्याचं बोलू

महाराष्ट्रात याचा एक मोठा धडा आधीच घडलाय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रज्ञानावर 'ऊर्जा' नावाची छोट्या पंख्याची पेलेट चूल 2006 च्या सुमारास बाजारात आली. आधी बीपी कंपनीने, नंतर पुण्याच्या फर्स्ट एनर्जीने ती चालवली. महाराष्ट्र आणि कर्नाटकात मिळून सुमारे 4 लाख चुली विकल्या गेल्या. पुढे उसाच्या चिपाडाला दुसरीकडे मागणी वाढली, पेलेट महाग झाले, आणि बहुतेक घरांत चूल बंद पडली. कंपनी मग हॉटेल आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली.

यातून आपण काय घ्यायचं? चूल एकदा विकली जाते. इंधन आणि देखभाल दर महिन्याला लागते. ग्राहक टिकतो तो तिथे.

हिशोब असा मांडा. 19 किलोच्या सिलिंडरइतकी उष्णता मिळवायला साधारण 50 ते 60 किलो पेलेट लागतात, चूल घाण असेल तर त्याहून जास्त. तुमच्या गावचे दोन्ही भाव टाका आणि फरक काढा. तो फरक टिकवून देणं ही तुमची सेवा.

समजा, महिन्याच्या एका भेटीचे 400 रुपये घेतले आणि 20 खानावळी, केटरर, वडापाववाले जोडले. महिन्याला 8,000 झाले, आणि सुटे भाग व पेलेटची विक्री वेगळी. पेट्रोल आणि तुमचा वेळ यातून वजा करा, मगच नफा म्हणा. पूर्ण वेळचा धंदा हा एकदम होणार नाही. वायरिंग किंवा गॅस शेगडी दुरुस्तीला जोड म्हणून मात्र उत्तम. भांडवल म्हणाल तर ब्रश, छिन्नी, पाने, टेस्टर आणि उदबत्तीचा पुडा!

ग्राहकाला एक कार्ड द्या: राख रोज, भोकं आठवड्याला, ब्लोअर महिन्याला, आणि पावसाळ्यात सगळं दुप्पट वेळा. कार्ड चुलीजवळ लटकलं की तुमचा नंबर रोज डोळ्यांसमोर राहतो.

आमच्या बॅचच्या त्या मुलाला ताईंनी पुढच्या महिन्याची तारीख तिथेच दिली, आणि शेजारच्या चहावाल्याकडेही घेऊन गेल्या. पहिला ग्राहक आणि पहिली ओळख, दोन्ही एकाच दुपारी.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमच्या भागातल्या पाच खानावळींत जा. विकायला नाही, फक्त विचारायला. इंधन कोणतं, महिन्याचा खर्च किती, बंद पडलेली चूल आहे का? असेल तर परवानगी घेऊन उदबत्ती फिरवून बघा. पुढच्या व्हिडिओत आपण याच माहितीवरून दरपत्रक बनवणार आहोत, तेव्हा वही भरून या.

भेटू पुढच्या भागात. काम करत राहा!