आकड्यांची साक्ष

सर्वसामान्य नागरिकास पिस्तूल अंगावर लपवून हिंडण्याची मुभा दिल्याने गुन्हेगार वचकतात की रक्तपात वाढतो, हा वाद अमेरिकेत पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. त्याच्या निर्णयावर माणसांचे प्राण अवलंबून असल्याने त्यास निव्वळ पंडितांचा वाद म्हणता येणार नाही.

१९९७ साली जॉन लॉट व डेव्हिड मस्टर्ड या संशोधकांनी १९७७ ते १९९२ या काळातील गुन्ह्यांचे आकडे तपासून असा निष्कर्ष काढला की, ज्या राज्यांनी असे परवाने सढळपणे दिले, तेथे हिंसक गुन्हे घटले. शस्त्रस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांना हवे ते शस्त्रच हाती आले! परंतु १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस क्रॅक कोकेनच्या व्यापाराने न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस यांसारख्या महानगरांत हिंसाचार माजविला होता, आणि न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया या राज्यांनी सढळ परवान्यांचा कायदा केलेला नव्हता. मग दिसणारा फरक कायद्याचा की कोकेनचा?

२००४ साली राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने, असे कायदे गुन्हे घटवितात वा वाढवितात यांपैकी काहीच सिद्ध होत नाही, असा अभिप्राय दिला. जेम्स विल्सन या सदस्याने मात्र खुनांपुरती आपली भिन्नमतपत्रिका जोडली. पुढे २०१९ मध्ये जॉन डोनह्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी, कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे एरवीपेक्षा सुमारे १३ ते १५ टक्के अधिक आढळतात, असे दाखविले. लॉट यांना हे मान्य नाही.

अशा वेळी शहाणे राज्य अधिक संशोधन करविते. अमेरिकेने काय केले? १९९६ साली तेथील काँग्रेसने सरकारी आरोग्य संस्थेच्या निधीवर असे निर्बंध घातले की, बंदुकींविषयीचे संशोधन जवळजवळ थंडावले. २०१९ च्या अखेरीस अडीच कोटी डॉलर मंजूर झाले, तेव्हा कोठे त्यास पुन्हा धुगधुगी आली. आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कचा कडक परवाना-कायदा रद्द करताना, असे निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतात की नाही, हीच कसोटी ठरविली.

मूलभूत हक्क दरसालच्या आकड्यांवर टांगता कामा नयेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु हक्काची मर्यादा आखताना परिणामांकडे पाहूच नये, हा कोठला न्याय? ‘सिद्ध झाले नाही’ म्हणजे ‘खोटे ठरले’ नव्हे. आणि एका बाजूने फडकाविलेला एखादा आकडा म्हणजे सिद्धताही नव्हे. तो आकडा कोणत्या वर्षांचा, कोणत्या प्रदेशांचा आणि त्या वेळी तेथे आणखी काय घडत होते, हे विचारणे सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे. साक्षीदारांचे जबाब जुळत नसतील, तर न्यायाधीशाने उलटतपासणी वाढवावी. साक्षीदारांनाच दालनाबाहेर घालवू नये.