विश्लेषण : रुग्णाच्या दातांचा फोटो दवाखान्याच्या ‘स्टेटस’वर चालतो का?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात दातांचे दवाखाने आता रस्त्यावरच्या फलकाइतकेच व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्रामवरही दिसतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा जोडफोटोंतून उपचाराचा परिणाम दाखवला जातो. पण त्या फोटोंवर हक्क कोणाचा?

उपचाराची संमती पुरेशी नाही का?
नाही. रूट कॅनॉल किंवा कवळीसाठी सही करणारा रुग्ण फक्त उपचाराला होकार देतो. फोटो, एक्स-रे, केस पेपर हे उपचारासाठी असतात. ते प्रसिद्ध करायचे तर वेगळी लेखी संमती घ्यावी. कोणता फोटो, कुठे आणि कशासाठी, हे त्यात स्पष्ट असावे. खुर्चीवर तोंड उघडून बसलेल्या रुग्णाला ‘टाकू ना?’ असे विचारणे म्हणजे संमती नव्हे.

डोळे झाकले तर?
तरीही ओळख पटू शकते. हनुवटीवरचा तीळ, मंगळसूत्र, शाळेचा गणवेश एवढेही पुरते. दवाखान्याचा नंबर सेव्ह केलेले लोक बहुधा त्याच कॅम्पातले, त्याच सोसायटीतले असतात. लग्न ठरू घातलेल्या मुलीने पुढचे दात बसवून घेतल्याचे घरातही मोजक्यांनाच ठाऊक असू शकते. डिलीट केलेल्या स्टेटसचा स्क्रीनशॉट मात्र मागे उरतो.

नियम काय सांगतात?
भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाची गोपनीयता राखणे हे दंतवैद्याचे कर्तव्य आहे. रुग्ण ओढण्यासाठी जाहिरातबाजी करण्यावरही तिने मर्यादा घातल्या आहेत. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण हवी. ती देण्याइतकीच मागे घेणेही सोपे हवे. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

चूक कर्मचाऱ्याची, तर जबाबदारी कोणाची?
दंतवैद्य कायदा, १९४८ मध्ये दंतवैद्य, डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्या नोंदणीची तरतूद होती. रिसेप्शनिस्ट किंवा मदतनीस त्यात येत नव्हते. मदतनिसाने सहज काढलेल्या रीलचे उत्तरही डॉक्टरांनाच द्यावे लागू शकते. म्हणून रुग्णांचे फोटो दवाखान्याच्याच फोनमध्ये ठेवावेत, खासगी फोनवर नकोत आणि पोस्ट डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. रील काढताना मागे अपॉइंटमेंटची वही किंवा दुसरा रुग्ण दिसत नाही ना, हेही पाहावे.

वाईट रिव्ह्यूला उत्तर कसे द्यावे?
‘तुम्हीच औषधे घेतली नाहीत’ असे जाहीर लिहिले, की उपचाराची माहिती उघड होते. ‘कृपया दवाखान्यात संपर्क साधा’ एवढेच लिहावे आणि बाकीचे समोरासमोर बोलावे.

रुग्णाने काय करावे?
न विचारता फोटो टाकला असेल, तर स्क्रीनशॉट ठेवून तो काढण्याची लेखी मागणी करावी. दाद मिळाली नाही, तर महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे तक्रार करता येते. फोटोला नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये.

ब्रश कसा करावा, लहान मुलांचे दात कधी तपासावेत, हे सांगणाऱ्या पोस्टना कोणाचाही चेहरा लागत नाही. त्या जरूर टाकाव्यात.