लांबच्या वाटेने लवकर

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे हवाई अंतर साधारण १२,४०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात दोन्ही शहरे पट्टीने जोडली तर ही वाट सापडत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला, तर तो तिबेट आणि सैबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरावर चढतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरच्या या सर्वांत जवळच्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. दोन विमानतळांमधले अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो बहुधा याच वाटेचा असतो.

विमानाला मात्र ही वाट जशीच्या तशी क्वचितच मिळते. प्रवासी कक्षातला हवेचा दाब अचानक गेला, तर विमानाला झटपट तीन हजार मीटरच्या आसपास उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या ऑक्सिजनच्या मुखवट्यांची पुंजी थोड्याच मिनिटांची असते. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर; तिथे उतरणार कुठे? म्हणून विमाने शक्यतो हा टापू टाळतात. राजकारणाचे अडथळे वेगळेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती काही महिने तशीच राहिली, आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना वळसा घालावा लागला.

अंतरापेक्षाही वेळेचे गणित बिघडवतो तो वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे वेगवान झोत वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग कधी ताशी ३०० किलोमीटरवर जातो. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला १२,००० किलोमीटर कापायला १३ तास २० मिनिटे लागतात. समोरून १०० किलोमीटरचा वारा असेल तर १५ तास, तोच पाठीशी असेल तर १२. लंडनहून मुंबईला येताना जातानापेक्षा कमी वेळ लागतो तो यामुळेच. पृथ्वीच्या फिरण्याचा त्याच्याशी थेट संबंध नाही, कारण विमान ज्या हवेतून उडते ती हवाही पृथ्वीबरोबर फिरतच असते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने हा हिशेब उलटा मांडला. अटलांटिकवरून जाणारे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान तिने पूर्वेकडे, पॅसिफिकवरून नेले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० किलोमीटर झाली, पण पाठीशी वारा असल्याने प्रवास साडेचौदा तासांत, म्हणजे जवळजवळ दोन तास आधी आटोपला.

तिकिटावरचा प्रवासाचा वेळ केवळ उड्डाणाचा नसतो. विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरतात. धावपट्टीसाठी रांगेत काढलेली मिनिटेही त्यातच आली. सुटण्या-पोचण्याच्या वेळा मात्र त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेतेरा तास मागे असते. त्यामुळे दिल्लीहून पहाटे अडीचला निघून १६ तास प्रवास केलेला माणूस तिथे त्याच तारखेला पहाटे पाचला उतरतो.